संशयाला मुदत हवी

श्रद्धा असेल तर तपासायचं कशाला? आणि तपासल्यावाचून चैन पडत नसेल, तर त्या श्रद्धेला श्रद्धा म्हणायचं कशाला? हा प्रश्न मला माझ्या थोरल्या भावाने विचारला. दादा वारकरी आहे. दर आषाढीला आळंदीहून पायी पंढरपूरला जातो, आणि बोलतो ते नेमकं बोलतो. मी अमेरिकेत, फ्लोरिडातल्या डीलँडला विमानातून उडी मारायला शिकते आहे, याची त्याला काळजी वाटते. पण त्याचा आक्षेप उडीवर नव्हता, तपासण्यांवर होता. पॅराशूट पाठीवर चढवण्याआधी एकदा, विमानात बसण्याआधी दुसऱ्यांदा आणि उडीआधी विमानातच तिसऱ्यांदा सगळं तपासतात, असं मी फोनवर सांगत होते. तो म्हणाला, "अगं, मग तुझा विश्वास बसलाय कुठे? तीनतीनदा हात लावून बघायचं म्हणजे मनात शंकाच आहे की."

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं न्यायदर्शन शिकवलं. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' दरवर्षी नव्या मुलांपुढे उघडायचा आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं समजावून सांगायची, हे माझं काम. नंतर लेकीकडे ऑर्लँडोला राहायला आले. तिथून तासाभरावर डीलँडचा लहानसा विमानतळ आहे. गाव छोटं, पण या खेळात त्याचं नाव मोठं. परफॉर्मन्स डिझाइन्स ही पॅराशूट बनवणारी कंपनी तिथली, आणि बिल बूथ यांची युनायटेड पॅराशूट टेक्नॉलॉजीजही तिथलीच. आधी प्रशिक्षकाबरोबर टँडम उडी मारली, मग एकटीने उडायचं शिक्षण सुरू केलं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीचा फोटो आमच्या घरी सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे बायकांनी असलं काही करावं का, हा वाद झाला नाही. दादाचा प्रश्न मात्र थेट माझ्या विषयातला होता. तो सोडून देणं मला शक्य नव्हतं.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची दोन्ही टोकं आहेत. गीतेचा चौथा अध्याय संपता संपता श्रद्धावानाला ज्ञान मिळतं असं सांगितलं आहे, आणि लगेच पुढच्या श्लोकात संशयी माणसाचा नाश होतो, त्याला सुख नाही, असंही. उलट गौतमाच्या न्यायसूत्रांत, पहिल्याच सूत्रात, ज्यांच्या ज्ञानाने निःश्रेयस मिळतं असे सोळा पदार्थ मोजले आहेत, आणि त्यात तिसरा पदार्थ आहे संशय. एका ठिकाणी संशय माणसाला बुडवतो, दुसऱ्या ठिकाणी तो मोक्षाच्या वाटेवरची पायरी आहे. वर्गात मी हा विरोध शब्दांनी मिटवत असे. डीलँडला मला तो मिटलेला दिसला. दोन्ही वचनं खरी आहेत. फक्त ती कोणत्या उंचीवर लागू होतात, ते माणसाला कळलं पाहिजे.

जमिनीवरून सुरुवात करते. पाठीवरच्या एका पिशवीत, म्हणजे कंटेनरमध्ये, दोन पॅराशूट असतात. खालच्या बाजूला रोजचं, त्याला मेन म्हणतात, आणि वरच्या बाजूला राखीव, म्हणजे रिझर्व्ह. मेनची घडी आपली आपण घालायला शिकावं लागतं. त्याशिवाय पहिला परवाना, जो किमान २५ उड्यांनंतर मिळतो, तो मिळतच नाही. मोठ्या हॉलमध्ये सतरंजीसारख्या जाड कार्पेटवर सगळे ओणवे होऊन घड्या घालत असतात. आधी दोऱ्या हार्नेसपासून, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांपासून, कापडापर्यंत बोटांतून सोडत न्यायच्या, कुठे पीळ किंवा गुंता राहिला का ते पाहायचं. ब्रेकच्या दोऱ्या त्यांच्या फाशात अडकवायच्या. स्लायडर नावाचा कापडी चौकोन दोऱ्यांवरून सरकवत पार वर नेऊन टेकवायचा, कारण पॅराशूट एकदम फाडकन न उघडता दमादमाने उघडतं ते त्याच्यामुळे. मग निसरड्या नायलॉनमधली हवा अंगाच्या भाराने बाहेर काढत काढत घडी पिशवीत घालायची. शेवटी पायलट शूट नावाच्या छोट्या पॅराशूटच्या दोरीवरच्या खिडकीत रंगीत खूण दिसते का ते बघायचं. ती दिसली नाही, तर छोटं पॅराशूट हवेत फुगणार नाही आणि मोठ्याला ओढून बाहेर काढणार नाही.

हे सगळं प्रत्यक्ष प्रमाण. डोळ्यांनी पाहिलं, बोटांनी चाचपलं. खांद्यापाशी तीन कड्या एकात एक अडकवलेल्या असतात. मोठी कडी हार्नेसला, मधली आणि लहान वरच्या पट्ट्याला, आणि लहान कडीवरून एक दोऱ्याचा फास, त्यातून पिवळी केबल. बूथ यांनी सत्तरच्या दशकात ही रचना केली. प्रत्येक कडी भार कमी करत नेते, त्यामुळे अख्ख्या माणसाचं वजन तोलणारी जोडणी गरज पडली तर एका हाताच्या ओढीने सुटते. विमानात बसण्याआधी मी या कड्यांवरून अंगठा फिरवते. इथे शंका घेणं म्हणजे अश्रद्धा नव्हे. जे डोळ्यांना दिसू शकतं ते न बघता 'माझा विश्वास आहे' म्हणणं, याला आमच्या शास्त्रात प्रमाद म्हणतात.

रिझर्व्हची गोष्ट निराळी. तो मी उघडून पाहू शकत नाही. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे रिझर्व्ह सरकारी प्रमाणपत्र असलेल्या रिगरनेच तपासून घडी घालायचा, आणि १८० दिवस झाले की पुन्हा उघडून नव्याने. घडी झाली की रिगर लाल दोरा बांधतो, त्यावर शिशाचं बारीकसं सील दाबतो. सीलवर त्याला नेमून दिलेली खूण असते. कंटेनरच्या कप्प्यात एक कार्ड असतं, त्यावर तारीख, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि सही. सील तोडून खात्री करावी तर त्या खात्रीबरोबर रिझर्व्ह वापरण्याजोगा उरत नाही. म्हणजे ज्या वस्तूवर शेवटच्या क्षणी जीव टांगायचा, ती नेमकी न पाहता स्वीकारायची.

इथे चौथं प्रमाण येतं, शब्द. आप्ताचं वाक्य. आप्त कोण, याची वात्स्यायनाने न्यायभाष्यात केलेली व्याख्या फार स्वच्छ आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातलं हे वाक्य मी वर्गात कित्येकदा वाचून दाखवलं असेल. फ्लोरिडातल्या एका रिगर बाईच्या टेबलापाशी उभं राहिल्यावर ते मला पुन्हा आठवलं. जात, देश, भाषा यांतलं काहीही तिच्या-माझ्यात सामाईक नाही. तिला ते काम येतं आणि ती खरं लिहिते, एवढंच पुरे आहे. तिने कार्डावर सही करताना वर पाहून मला विचारलं होतं, "आतली घडी घालताना बघायचंय का?" मी तासभर बाजूला उभी राहून पाहिलं. आप्ताला आपली परीक्षा झाली म्हणून अपमान वाटत नाही, हे मी त्या तासात पाहिलं. ज्याला प्रश्न विचारलेले खपत नाहीत, त्याच्या शब्दावर विसंबू नये. मग तो रिगर असो, वैद्य असो वा गुरू.

तिसरी वस्तू यंत्र आहे. १९९१ साली जर्मनीतल्या एअरटेक कंपनीने सायप्रेस नावाचं उपकरण बाजारात आणलं. ते हवेचा दाब मोजतं. माणूस जमिनीपासून साधारण साडेसातशे फुटांवर येऊनही जोरात पडतोच आहे असं त्याला कळलं, तर रिझर्व्हचा फास कापून टाकतं. बेशुद्ध पडलेल्या, भान हरपलेल्या किती तरी लोकांचे जीव या डबीने वाचवले आहेत. दादाला हे सांगितलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "मग झालं तर! तो आहे ना सांभाळणारा." पण डीलँडच्या प्रत्येक प्रशिक्षकाची शिकवण उलटी आहे. ते यंत्र नाहीच असं समजून आपला हात आपण चालवायचा. वाचवणारा कुणी आहे म्हणून आपलं कर्तव्य ढिलं करायचं, ही श्रद्धा नाही, आळस आहे. देव तारी त्याला कोण मारी, हे वचन संकटातून बाहेर पडलेल्याने कृतज्ञतेने म्हणायचं असतं. संकटात शिरताना हिशेबात धरायचं नसतं.

आता आकाशात येऊ. साडेतेरा हजार फुटांवर दार उघडतं. पोटावर पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दर पावणेसहा सेकंदांना हजार फूट जातात. मनगटावरचा, उंची दाखवणारा अल्टिमीटर हे तिथलं एकमेव शास्त्र. ठरलेल्या उंचीला पायलट शूट फेकायचं. माझ्यासारख्या नवशिक्यांना ३,००० फुटांच्या खाली ते फेकायची मुभाच नाही, आणि शहाणे लोक त्याच्या बऱ्याच वर फेकतात. डोक्यावर कापड पसरलं की तीन प्रश्न. आहे का? चौकोनी आणि स्थिर आहे का? वळवता येतंय का, ब्रेक ओढल्यावर मंद होतंय का? पॅराशूट चांगलंच असणार असं गृहीत धरायचं नाही. चांगलं आहे असं सिद्ध होईपर्यंत ते संशयित आहे.

मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधक काही निघेपर्यंत ते खरं मानावं. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचं खरेपण बाहेरून, त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरतं. अडीच हजार फुटांच्या वर प्रत्येक स्कायडायव्हर नैयायिक असतो.

आणि संशयाचं शास्त्रातलं उदाहरण अगदी तिथेच उभं राहतं. संधिप्रकाशात लांबवर काही तरी उभं दिसतं, खोड आहे की माणूस, कळत नाही. वर पाहिलं तर दोऱ्यांना पीळ पडलेत, किंवा कडेचे कप्पे बंद आहेत, किंवा स्लायडर अर्ध्यावर अडकलाय. चांगलं की बिघडलेलं? यातलं पुष्कळ सुधारता येतं. पाय झाडून पीळ काढायचे, ब्रेक पूर्ण ओढून कप्पे फुगवायचे. चार हजार फुटांवर हा संशय जीव वाचवतो, कारण तो हाताला काम देतो. पण माझ्या पातळीच्या उडणाऱ्यांसाठी एक रेघ आखलेली आहे. २,५०० फूट. त्या रेघेला पॅराशूट निश्चितपणे चांगलं नसेल, तर पुढे विचार नाही. उजव्या हाताने छातीजवळची लाल गादी ओढून मेन सोडून द्यायचं, डाव्या हाताने रिझर्व्हची मूठ ओढायची. तिथून पूर्ण वेगाने मोकळं पडलं, तर जमीन जेमतेम चौदा सेकंदांवर असते.

या एका रेघेसाठी सगळ्यात जास्त सराव होतो. हॉलच्या कोपऱ्यात छतापासून हार्नेस टांगलेले असतात. त्यात लटकायचं, वर नजर टाकायची, आणि प्रशिक्षक डोक्यावर एकामागून एक चित्रं धरतो. पीळ पडलेलं, फाटलेलं, चांगलं, दोरी कापडावरून गेलेलं. चित्र दिसलं की बोलून दाखवायचं आणि हात चालवायचा. बघ, धर, ओढ. ज्ञानेश्वर माउलींनी बाराव्या अध्यायात अभ्यासाचा जो महिमा सांगितला, तो मला त्या टांगलेल्या हार्नेसमध्ये अंगात भिनल्यासारखा झाला. अभ्यासाने भीती जात नाही. अभ्यासाने निर्णय आधीच होऊन बसतो, भीतीला नंतर काही बदलता येत नाही.

न्यायसूत्रांच्या यादीत संशय तिसरा आणि निर्णय नववा आहे. मधे प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क. म्हणजे संशय हा शेवट नाही, त्याने कुठे तरी पोचायचं आहे. गीता ज्याला बुडालेला म्हणते, तो संशय घेणारा माणूस नव्हे, संशयातच राहणारा माणूस आहे. ज्याला रेघ नाही तो. वर पाहत, आणखी एकदा झटका देऊ, आणखी एकदा बघू, असं करत करत जमिनीपर्यंत आलेल्यांच्या नोंदी या खेळाच्या अपघात-अहवालांत आहेत. त्यांच्याकडे चांगला रिझर्व्ह होता. त्याला हात घालायचा राहून गेला.

आता सगळ्यात अवघड तपासणीकडे येते. वस्तू तपासली, रिगर तपासला, यंत्र तपासलं. तपासणाऱ्याला कोण तपासणार? शास्त्रात ज्ञानाच्या साधनाला प्रमाण म्हणतात आणि जाणणाऱ्याला प्रमाता. उडीचं साहित्य निवडताना खरी परीक्षा प्रमात्याची होते.

नवा संपूर्ण संच घ्यायचा तर सात-आठ हजार डॉलरच्या पुढेच जातो, म्हणून नवशिके वापरलेलं घेतात. मला एक देखणा संच दाखवला गेला होता. कंटेनर जवळजवळ नवा, रंग सुरेख, किंमत आवाक्यातली, आत १३५ चौरस फुटांचा मेन. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की वर्षभरात मी त्याला सरावेन. मी रिगरला विचारलं. तिने पहिला प्रश्न केला, "सगळं अंगावर चढवून तुझं वजन किती?" साधारण १६० पौंड. तिने कागदावर भागाकार मांडला. १३५ ला एका चौरस फुटावर जवळजवळ १.२ पौंड भार येतो. १९० ला ०.८४. नवशिक्याने एकाच्या खाली राहावं. भार वाढला की पॅराशूट जास्त वेगाने पुढे जातं, वळताना जास्त खोल बुडी मारतं, आणि उतरताना चुकीला जागा उरत नाही. शिवाय कंटेनर ठरावीक मापाच्या कापडासाठीच शिवलेला असतो, त्यामुळे लहान कंटेनर घेतला की मोठं पॅराशूट त्यात मावत नाही आणि आपण आपल्याच खरेदीने बांधले जातो. मी सेबर-टू नावाचा १९० चा वापरलेला मेन घेतला, त्याला १७६ चा रिझर्व्ह, आणि माझ्या अंगाला बसणारा कंटेनर. विकत घेण्याआधी सगळं तिच्याकडून उकलून तपासून घेतलं. रंग फिका आहे. मला तो आवडतो.

आपले जुने ग्रंथकार ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय मांडत. अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. त्यात पहिला अधिकारी, म्हणजे हे कुणासाठी आहे. विषय कितीही उंच असला तरी वाचणाऱ्याची तयारी आधी विचारली जाई. आज अधिकार हा शब्द आपण मागायची वस्तू म्हणून वापरतो. जुन्या अर्थाने तो कमवायचा असतो, आणि अजून कमावलेला नाही हे कबूल करण्यात कमीपणा नसतो. या खेळात गेल्या काही दशकांत मृत्यूंचा मोठा वाटा बिघडलेल्या पॅराशूटचा नाही. पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली, जमिनीजवळ घेतलेल्या वेगवान वळणाने माणसं गेली आहेत. कापडात दोष नव्हता. माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज चुकला. बूथ यांचं एक निरीक्षण तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे. साधनं जसजशी सुरक्षित होतात, तसतशी माणसं जास्त धोका पत्करू लागतात. साधन सुधारलं म्हणून साधक सुधारतो असं नाही, हे कोणत्याही संप्रदायाला लागू आहे.

आणि तरीही तपासणीचं फळ मोठं आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक लोक मरत. २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमध्ये दहा मृत्यू झाले. हा फरक साधनांनी, शिक्षणाने, आणि प्रत्येक अपघात उघडपणे लिहून ठेवण्याच्या शिस्तीने पडला. शंका विचारू देणाऱ्या समाजात माणसं कमी मरतात.

मग श्रद्धा कुठे आहे? दादाला मी जे उत्तर दिलं ते असं. "दादा, तू वारीआधी महिनाभर पहाटे उठून चालायचा सराव करतोस. चपला झिजल्यात का बघतोस, औषधं मोजून घेतोस. म्हणून पांडुरंगावरची तुझी श्रद्धा कमी झाली का?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "नाही. ते त्याच्यासाठीच असतं." मलाही तेच म्हणायचं होतं. तपासणी श्रद्धेच्या विरोधात उभी नाही. जे पाहता येतं ते सगळं पाहून झाल्यावर, ज्याला विचारता येतं त्याला विचारून झाल्यावर, स्वतःची पात्रता न फुगवता मोजून झाल्यावर जो उरतो, तो न दिसणारा भाग श्रद्धेचा. त्याच्या आधी श्रद्धेचं नाव घेणं म्हणजे आपलं काम देवावर ढकलणं. आणि तो भाग आल्यावरही शंकाच काढत बसणं म्हणजे उघड्या दारात उभं राहून स्वतःचाच हात धरून ठेवणं.

हे फक्त विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी नाही. मुलाचं लग्न असो, शस्त्रक्रिया असो, गुरू करायचा असो की एखादं मत कायमचं स्वीकारायचं असो, शंका मनसोक्त घ्या, पण जमिनीवर घ्या. कुणाच्या शब्दावर विसंबायचं ते आधी पारखा. स्वतःला झेपेल तेवढंच माप घ्या. आणि आपल्या संशयाला एक रेघ आखून द्या, शांत असताना, आधीच. त्या रेघेपाशी पोचलात की जे ठरवलं ते करा. ज्याच्या संशयाला मुदत आहे, त्याच्याच श्रद्धेला अर्थ आहे.